जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, काय तपासावे?

रात्रभर उभा राहिलेला आपला तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावरच सुरू होतो आणि मग दिवसभर व्यवस्थित चालतो, असे आपण लिहिले आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहा: धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, पांढरा धूर असेल, तर ते पोहोचते, पण पेटत नाही, आणि मग हीटर (सुरू करताना आतली हवा तापवणारा), इंजेक्टर (डिझेल फवारणारा) व कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासावे लागते.

मला पहिली शक्यता अधिक वाटते. फिल्टरचे वॉशर किंवा रबरी पाइप जुने झाले की डिझेल पाझरते, त्या जागी हवा शिरते, आणि अशा जोडाभोवती ओलसर, काळपट धूळ चिकटलेली अनेकदा दिसते. तो जोड दुरुस्त करून फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करा, फीड पंपाची (टाकीतून फिल्टरकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाची) दांडी हाताने मारत राहा आणि फेस जाऊन बुडबुड्यांविना धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

सेल्फ मंद फिरत असेल, तर आधी बॅटरीची टोके व अर्थिंगची पट्टी घासून घ्या. मात्र हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा (चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा) फवारा कधीही मारू नका. तो आतच भडकून पिस्टन फुटू शकतो.