एक ओळ गाळणाऱ्या ताईंना

भायखळ्याच्या एका वाचक ताईंचा धाकटा भाऊ वर्षभर डायलिसिसवर होता. एप्रिलमध्ये तो गेला. तेव्हापासून नणंद त्यांना दर शुक्रवारी प्रार्थनासभेला नेते. तिथे लोक हात वर करून रडतात, यांच्या डोळ्यांत टिपूस येत नाही. नणंद म्हणते, विश्वास कमी पडतोय. ताई विचारतात, पूर्वीचा उमाळा परत कसा आणू?

ताई,

तुमचं तीन पानी पत्र जवळजवळ सगळं न आलेल्या रडण्यावर आहे. मी मात्र अडकले शेवटच्या पानावरच्या एका वाक्याशी: ‘हल्ली प्रभूची प्रार्थना म्हणताना "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथे आवाज फुटत नाही, घसा कोरडा पडत असेल.’

घसा कसला कोरडा पडतोय! ‘तुझे राज्य येवो’ला पडत नाही, ‘रोजची भाकर’ म्हणताना पडत नाही, नेमका त्याच ओळीला? तुम्ही चिडल्या आहात. कोणावर, ते कबूल करायची भीती वाटते, म्हणून ‘काहीच वाटत नाही’ असं लिहून मोकळ्या झालात.

सभेत रडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनातल्या मुली धाय मोकलून रडत प्रार्थना करत होत्या, ते काही ढोंग नव्हतं. पण शेजारणीचं बघून आणलेलं रडणं तुमच्या काय कामाचं? आणि नणंदेचा हेतू चांगला असेलही, तरी मी तिची वकिली करणार नाही. भाऊ गेलेल्या बाईचे डोळे ओले झाले का ते बघत बसायचं म्हणजे काय!

तुम्हीच लिहिलंय, भावाच्या किडन्या गेल्याचं कळलं त्याच दिवशी ‘सगळं प्रभूच्या इच्छेवर सोडलं’. त्याच दिवशी? क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेसुद्धा तसं केलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २६वा अध्याय काढून बघा. तो पालथा पडून आधी मागतो, ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ इच्छेचं त्यानंतर येतं. तुम्ही मागणं गिळलंत आणि थेट शेवट म्हणून टाकलात. चांगल्या घरच्या मुलीने देवाशी हुज्जत घालू नये, असं कोणीतरी लहानपणीच बजावलेलं दिसतंय. स्तोत्रं लिहिणाऱ्यांना ते कोणी बजावलं नव्हतं. ८८वं स्तोत्र वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी पवित्र शास्त्रातून ते कोणी काढून टाकलेलं नाही.

तेव्हा या शुक्रवारी सभेला जायचं नाही. शिवडीच्या कबरस्तानात भावापाशी जायचं, कारण भरल्या घरात हे जमणार नाही. ते स्तोत्र मोठ्याने वाचा, आणि मग वर्षभर जे मागितलं नाहीत ते भावाचं नाव घेऊन विचारा: का नाही वाचवलंस त्याला? आवाज चढला तर चढू दे. रडू नाही आलं तरी चालेल. गाळलेली ओळ तिथेही म्हणायची घाई करू नका.

नणंदेने विचारलंच, तर सांगा, शुक्रवारी माझं देवाकडेच काम आहे.