वाळा म्हणून आणलेल्या गवताच्या पानांना वासच नाही. नर्सरीवाल्याने फसवलं का? खरा वाळा ओळखायचा कसा?

फसवलं असतं तर उलट वास आला असता. पान चुरडल्यावर लिंबाचा घमघमाट सुटतो तो गवती चहाला. वाळ्याच्या पानाला वास नसतोच. जे काही आहे ते मुळांत. बुंधा बघा. वाळ्याची पानं बुडाशी चपटी, दुमडलेली, मिटत्या पंख्यासारखी एकात एक बसतात. गवती चहाचा बुंधा गोलसर, पांढुरका.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. दारांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्याच मुळांच्या, टट्ट्या लावून त्यांवर पाणी मारलेलं पाहिलेली माणसं अजून घरात आहेत. तरी मी मागच्या नालीकाठी वाळ्याचे ठोंब लावले तेव्हा मोठे भाऊजी म्हणाले, "हे काय रान लावलंस! मुळं घराच्या पायात शिरून भिंत फोडतील." म्हटलं, भाऊजी, हा पिंपळ नाही. वाळा वर्षानुवर्षं जगतो, पण बेट करून एका जागी. हरळीसारखा जमिनीवर धावत नाही. मुळं दोऱ्याएवढी बारीक, सरळ खाली जातात, चांगल्या मातीत ३ मीटरच्याही खाली. १९८०च्या दशकात जागतिक बँकेने शेतातली माती अडवायला याच गवताच्या रांगांचा प्रचार केला होता. ऐकतं कोण!

पावसाळ्यानंतर पुरुषभर उंच काड्यांवर जांभळट तुरे आले. बारीक फांद्या दांडीभोवती एकाच जागी चौफेर फुटलेल्या, त्यांवर कणिशकं, म्हणजे गवताची इवली फुलकणसं, जोडीजोडीने: एक बिनदेठाचं, द्विलिंगी, दुसरं देठावरचं, नर. भाऊजींच्याच पेपर वाचायच्या भिंगातून त्यांना दाखवलं. तर नवीन मुद्दा: "फुललं म्हणजे रानटीच. खरा वाळा फुलत नाही." दक्षिणेतला लागवडीचा वाळा बी धरत नाही, हे खरं. पण आपल्या उत्तरेकडचा फुलतो आणि बीही धरतो, आणि कनौजचं रूह खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, नावाजलं ते याच रानटी मुळांवर. म्हणजे रानटी ही शिवी कशी?

पुढे मी घरी नसताना त्यांनी मजूर लावून अर्धी रांग खणवली. सब्बल मारून तो बिचारा थकला, आणि गल्लीभर सुगंध. सासूबाईंनी मुळं धुऊन माठात टाकली. त्या माठाचं पाणी सगळ्यांत आधी कोण प्यायलं ते विचारू नका. भाऊजींचं मत मात्र तसूभर हललं नाही.

तुम्ही कुंडीत लावणार असाल तर मुळं तळाला जाऊन गुंडाळतील, फारसं हाती लागणार नाही. दीडेक वर्ष तरी खणू नका, कोवळ्या मुळात तेल कमी असतं. आणि हो, शेजारी कुणाचं शेत असेल तर बी धरणारा वाळा लावू नका, तिथे तो खरंच पसरू शकतो. घराच्या भिंतीलगत खुशाल लावा. कुणी पायाचं भय घातलं तर खणलेली मुळं त्यांच्या हातात द्या. आमच्याकडे उपयोग झाला नाही, तुमच्याकडची माणसं कदाचित ऐकणारी असतील.