पुस्तक काढून घेऊ का?

"मॅडम, ते पुस्तक काढून घेऊ का तिच्याकडून?"

खुर्चीत टेकायच्या आधीच त्या आईंनी विचारलं. मुलगी अकरावीत. दलित लेखिका उर्मिला पवारांचं 'आयदान' हे आत्मकथन तिनं ग्रंथालयातून आणलं, दोन दिवसांत संपवलं आणि तेव्हापासून आजीशी अबोला. कारण कामाच्या मावशींचा कप. तो आजीच्या हुकमावरून खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी मी अनेक पालकांकडून ऐकते. दलित, भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं वाचून मूल रडतं, घरच्यांवर चिडतं, म्हणून कोवळ्या वयात हे नको. मला ते अजिबात पटत नाही. लहानगी उर्मिला आईनं विणलेली आयदानं, म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या, रत्नागिरीतल्या घरोघरी पोचवायची. लोक त्यांवर पाणी शिंपडून मगच हात लावायचे आणि पैसे तिच्या हातात वरून टाकायचे. जे एका मुलीनं त्या वयात सोसलं, ते १६ वर्षांच्या मुलीला वाचायला जड कसं?

मुलीला भेटले तेव्हा विचारलं, "पुस्तकातलं काय काय आठवतंय?" पाणी, पैसे, अपमान, सगळं घडाघडा सांगितलं तिनं.

"आणि आईचे हात?"

ती गप्प झाली. नवरा गेल्यावर घर चालवायला सतत विणत बसलेली ती माउली, डोईवर भारे घेऊन डोंगरवाटेनं बाजाराला निघालेल्या बायका, त्यांच्या शिव्या आणि चेष्टामस्करी, खाण्यापिण्याच्या आठवणी, पुढे चळवळीतली लेखिकेची धडपड... हे सारं तिच्या हातून निसटलं होतं. आजीविरुद्धचा पुरावा शोधावा तसं तिनं पुस्तक वाचलं होतं. राग खराच होता, आणि रास्तही. पण त्या रागात लेखिका कुठे नव्हती. मावशीही नव्हत्या. त्यांचं गाव कुठलं, हे मी विचारलं तर तिला सांगता आलं नाही.

"पुन्हा वाच," एवढंच म्हटलं. आईंना मात्र दोन गोष्टी सांगितल्या. तुम्हीही वाचा. आणि कपाचं भांडण लेकीच्या गळ्यात टाकू नका, स्वयंपाकघर तुमचं आहे.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. सासूबाईंना आधी सांगून त्यांनी वेगळा कप बंद केला होता. सासूबाई दोन दिवस धुसफुसल्या. मग एका संध्याकाळी नात आजीजवळ बसून बाजाराच्या वाटेची पानं मोठ्यानं वाचू लागली. आजींचं माहेर रत्नागिरीकडचंच.

"आमच्याकडे पण यायची हो एक, सुपं घेऊन," आजी मध्येच म्हणाल्या.

"नाव काय तिचं?"

आजी बराच वेळ आठवत राहिल्या.