‘मी’ नव्हे, ‘आपण’

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मरणाचं चिंतन सुरू केल्यापासून मन निवण्याऐवजी जास्तच चिडखोर झालंय, असं लिहिलंस. हे लपवलं नाहीस, याचं फार बरं वाटलं.

असं होतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २२ न्यायाधीशांना एका काल्पनिक खटल्यात जामीन ठरवायचा होता. ज्यांना आधी स्वतःच्या मृत्यूविषयी लिहायला लावलं, त्यांनी सरासरी ४५५ डॉलर लावला, इतरांनी ५०. पुढे अशा प्रयोगांच्या फेरतपासण्यांत निकाल डळमळीत निघाले, म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. पण अनुभवाशी जुळतं खरं. वडील गेले त्याच आठवड्यात मी सख्ख्या भावाशी कपाटाच्या किल्लीवरून भांडलो होतो. मरण ओझरतं शिवून गेलं की माणूस घाबरतो, आणि हाताला लागेल ते घट्ट धरतो: किल्ली, झेंडा, आपला कळप. मग ते सोडवायला येणारा प्रत्येक जण वैरी वाटतो.

धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहातली सहावी गाथा बघ. तिच्यामागची कथा कोसंबीच्या भिक्षूंची. भांड्यात उरलेल्या पाण्यावरून ते इतके भांडले की संघात फूट पडली. गाथा म्हणते, आपल्याला इथून जायचंय हे इतरांना कळत नाही. ज्यांना कळतं, त्यांची भांडणं शमतात. मूळ पालीत शब्द ‘मयं’ आहे, अनेकवचनी. मी अनेक वर्षं तो ‘मी’ असाच वाचत होतो! मराठीत तर आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही मरू’ म्हणत माणसं शस्त्रं उचलतात. ‘आपण’ म्हटलं की समोरचाही त्यात येतो.

तेव्हा बैठक थोडी बदल. मरणस्मृती एका श्वासापुरती ठेवावी, असं बुद्धांनी भिक्षूंना सांगितलं होतं. आत घेतलेला श्वास बाहेर सोडेपर्यंत आहे, एवढंच. तू फक्त तुझाच श्वास बघतोयस. काही दिवसांनी ज्याचा राग येतो त्याला समोर आण आणि त्याचाही श्वास बघ. इथे एक घसरण आहे, जपून. ‘तोही मरणारच’ या विचारात गोडी वाटू लागली, तर लगेच डोळे उघड आणि उठ. ती हिंसाच असते, चिंतनाचं सोंग घेतलेली.

आणि त्याने अन्याय केला असेल तर तसं त्याला स्पष्ट सांग. त्यासाठी राग ओसरायची वाट बघत बसू नकोस, फक्त बोलताना त्याच्या श्वासाकडे लक्ष असू दे.

कोणाला समोर आणलंस ते नाही कळवलंस तरी चालेल. किती वेळ बसता आलं, तेवढं कळव.

तुझा,
काका