एकच पुस्तिका, पण मालक दोन

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइन आणि फोटोग्राफी दोन्ही करता. एका कंपनीची माहितीपुस्तिका केलीत. वस्तूंचे फोटो तुमचे, मांडणीही तुमची. मुखपृष्ठावर मात्र दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हौसेने काढलेला धुक्यातल्या पुलाचा फोटो घातलात. करार नाही, फक्त ईमेल आणि बिल. आता तीच मांडणी आणि तोच पूल, अर्धा कापून, त्यांच्या खोक्यांवर छापून आलाय. तुमचं नाव कुठेच नाही. वर ‘पैसे दिलेत, सगळं आमचं’ असं म्हणत ते ओपन फाइल्स, म्हणजे मांडणीच्या हवे ते बदल करता येणाऱ्या मूळ फाइल्स, मागतायत.

सगळं त्यांचं नाही. पण सगळं तुमचंही नाही, हे आधीच सांगतो, कारण दोन्ही कामं करणारे बरेच जण इथेच गोंधळतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे काम करणारा तोच पहिला मालक. मात्र त्याच कलमात अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर सांगणाराच पहिला मालक होतो. म्हणजे वस्तूंचे फोटो कंपनीचे. वाईट वाटेल, पण त्यावरून भांडू नका.

मांडणीचं तसं नाही. त्या अपवादात फोटो, रंगचित्र, पोर्ट्रेट अशी मोजकी नावं आहेत. ग्राफिक डिझाइन नाही. तुम्ही त्यांच्या नोकरीतही नव्हता. कंपनीचा वकील मांडणीलाही ‘चित्र’ म्हणून बघेल, पण मला तो मुद्दा लंगडा वाटतो. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी कागद आणि तुमची सही लागते. बिल चुकतं केलं म्हणून हक्क गेले असं होत नाही. पुस्तिकेसाठी दिलेली मांडणी पुस्तिकेसाठी वापरणं ठीक. खोक्यांसाठी वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. ओपन फाइल्स द्यायचं ठरलं नव्हतं ना? मग देऊ नका.

तुमची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे तो पूल. तो कुणी काढायला सांगितला नव्हता, त्यामुळे तो निखळ तुमचा. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली फाइल, जपा. तिच्यातली तारीख, कॅमेऱ्याची नोंद आणि पुलाच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम्स हा उत्तम पुरावा आहे. फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, प्रत काढून तीच वापरा. कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच.

नावाबद्दल कलम ५७ आहे. मालकी कंपनीची झाली तरी फोटो तुम्ही काढला हे सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. फोटो कापल्याची तक्रार मात्र त्याने तुमच्या लौकिकाला धक्का बसतो हे दाखवता आलं तरच टिकते. पोर्टफोलिओत पुस्तिकेची पानं दाखवायची तर आतले फोटो त्यांचे आहेत, म्हणून लेखी परवानगी घ्या.

लगेच नोटीस नको. आधी साधं पत्र: पूल आणि मांडणी खोक्यांवर वापरण्याचं शुल्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी. कागदावर लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. दाद लागली नाही तर कलम ६२ मुळे दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो.

पुढच्या कामाला कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याआधी एक ओळ त्यांच्याकडून ईमेलवर मान्य करून घ्या: ‘फोटोंची पहिली मालकी छायाचित्रकाराची राहील.’

पत्र पाठवण्याआधी जुने ईमेल मात्र एकदा नीट चाळा. घाईत कुठे ‘सर्व हक्क तुमचे’ असं लिहून गेला असाल, तर ते आधी मला दाखवा.