हलकं रबर निवडताना आधी काटा, मग पाकीट

दारव्ह्याच्या भाऊंचा प्रश्न असा: मुलगी १३ वर्षांची, टेबल टेनिस खेळते, बॅट १९२ ग्रॅम, दोन्ही बाजूंना हरिकेन ३ हे कडक, चिकट चिनी रबर, तेही जाड. तासभर सराव झाला की कोपर दुखतं, बॅकहँडला हात उशिरा पोचतो. हलकं रबर कोणतं घ्यावं?

भाऊ, रबराचं नाव शेवटी येतं. आधी हे १९२ ग्रॅम कुठं बसलेत ते बघा. हरिकेन ३ जाड स्पंजात (रबराखालचा फोमसारखा थर) कापून लावलं की एका बाजूला साधारण ४९ ते ५२ ग्रॅम भरतं. म्हणजे दोन्ही मिळून शंभर. उरलेल्यात ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, ८५-९० चं आणि बाकी ग्लू व साइड टेप (कडेची पट्टी). या वयाच्या मुलीला १७५ ते १८० ग्रॅमची बॅट सोसते, त्यामुळे १२ ग्रॅम उतरवायचे आहेत. बहुतेक रबरातूनच उतरतील, ब्लेड बदलायची गरज पडू नये.

वजन असतं ते मुख्यतः स्पंजात. कडक स्पंज दाट असतो म्हणून जड, मऊ स्पंज हलका. पण पाकिटावरच्या कडकपणाच्या आकड्याने फसू नका. चिनी रबरावरचे ३९ अंश आणि जर्मन स्पंजाचे ४२.५ अंश ही वेगवेगळी मापं आहेत, चिनी ३९ हे जर्मन ४२.५ पेक्षा चांगलंच कडक असतं. आकडा लहान म्हणून रबर मऊ, असं धरून मागवलं की फसलात.

दुसरी गोष्ट स्पंजाच्या जाडीची. २.१ ऐवजी १.८ मिमी घेतलं की एका बाजूला २-३ ग्रॅम वाचतात. त्याची किंमतही आहे: टॉपस्पिनचा, म्हणजे पुढच्या फिरकीच्या फटक्याचा, जोर कमी होतो. उलट ब्लॉक, म्हणजे आलेला चेंडू नुसता अडवणं, सोपा जातो, चेंडू ताब्यात राहतो.

म्हणून पहिला बदल बॅकहँडला करा. तिथं मनगट आणि कोपर जास्त वापरलं जातं, आणि १३ वर्षांच्या मुलीचा बॅकहँड बहुधा ब्लॉक-काउंटरचाच, म्हणजे आलेल्या जोरावरच चेंडू परत करण्याचा असतो. १.८ किंवा २.० मिमीचं मध्यम-मऊ रबर घ्या. झिऑमचं व्हेगा युरोप कापून ४२-४४ ग्रॅमच्या आसपास येतं. यासाकाचं मार्क फाइव्ह २.० मध्ये ४३-४५ च्या घरात, आणि त्यावर शिकणाऱ्याचे स्ट्रोक साफ होतात. फोरहँडचं रबर आताच काढू नका. एकदम दोन्ही बदलले की चेंडू टेबलाबाहेर का जातोय तेच कळत नाही. महिन्याभराने फोरहँडला ४५-४६ ग्रॅमचं काही लावलं की हिशेब जुळला.

फार मऊही नको. जोरात मारताना चेंडू स्पंज दाबून थेट लाकडावर आदळतो, टक् असा आवाज येतो आणि फटका मरतो. स्पंज नसलेलं लाँग पिंपल (बाहेर लांब दाणे असलेलं रबर) सगळ्यात हलकं, पण तो खेळच वेगळा. वजनासाठी म्हणून तिकडे वळू नका.

एकाच रबराच्या दोन तुकड्यांतही २-४ ग्रॅमचा फरक निघतो, म्हणून दुकानदाराला फोन करून वजन विचारा. पाकीट आणि पुठ्ठा सोडून नुसत्या शीटचं. न कापलेल्या शीटच्या वजनाचा सुमारे ७० टक्के भाग बॅटवर राहतो, म्हणजे ६२ ग्रॅमची शीट कापून ४३ ची होते. घरी तपासायचं तर किराणा दुकानाचा काटा कामाचा नाही. तालुक्याच्या सराफाकडे न्या, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन मिळतं. रंगही बघा: फोरहँडला काळं असेल तर नवीन लाल वगैरे चमकदार रंगाचं हवं.

आता चिकटवणं, कारण कमावलेले ग्रॅम इथंच परत जातात. जुन्या ग्लूचा वाळलेला थर ब्लेडवरून बोटानं चोळून पूर्ण काढा. त्यावरच नवा थर दिला तर वजन साठत जातं. पाण्याच्या ग्लूचा पातळ हात ब्लेडला एक, स्पंजाला एक-दोन. पांढरा ग्लू पारदर्शक होईपर्यंत थांबा, उन्हाळ्यात १५ मिनिटं, श्रावणात दुप्पट. ओला असतानाच लावलं तर कडेला फुगे राहतात. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन मात्र अजिबात नको. त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगतो, रबर घुमटासारखं वर येतं, आणि असे ग्लू २००८ पासून आंतरराष्ट्रीय नियमात बंद आहेत.

रबर मुठीकडून टेकवा, न ताणता, आणि काचेच्या बाटलीने लाटा. ताणलेलं रबर पुढं आकसतं आणि लाकूड उघडं पडतं. आयटीटीएफची (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ) खूण मुठीजवळ राहू द्या. कापताना कटरचं पातं नवं घ्या आणि लाकडाला टेकवून फिरवा. कडेला सगळीकडून १ मिमी रबर बाहेर राहिलं तरी एका बाजूला जवळपास १ ग्रॅम वाढतो, आणि तोही टोकाला, जिथं हाताला सर्वांत जास्त जाणवतो. साइड टेप फोमची नको, पातळ लावा.

मुठीला ग्रिप टेप गुंडाळून बॅटचं डोकं हलकं वाटतं खरं. पण एकूण वजन ५-६ ग्रॅम वाढतं, दुखऱ्या कोपराला ते उपयोगाचं नाही. दोन आठवडे हलक्या बॅटने खेळूनही दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवा.

आपल्याकडचं ऊनही लक्षात ठेवा. मे महिन्यात टिनाच्या हॉलमध्ये किंवा गाडीच्या डिकीत बॅट राहिली तर मऊ रबर लवकर कोरडं पडतं. हंगामात जिनिंगजवळच्या गावात फोरहँडच्या चिकट रबरावर कापसाचा तंतू बसतो आणि चेंडू घसरतो. दोन गेमनंतर ओल्या स्पंजाने साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या, वरून प्लॅस्टिकची फिल्म लावा.

नवं रबर हरिकेनपेक्षा जास्त उसळतं, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस बॅकहँडचे चेंडू लांब जातील. बॅट थोडी पुढे झुकवून मारायला सांगा. आणि कापल्यावर रबराचं वजन पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानदाराला तोच आकडा सांगता येईल.