पाळी सुरू झाली, तरी तपासणी हवीच

सोलापूर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे, उपचार संपले, पाळीही पुन्हा सुरू झाली, तेव्हा आता डॉक्टरांकडे कशाला जायचे, असे घरचे म्हणतात हे तुझ्या पत्रातून कळले. त्यांचा आनंद रास्त आहे. पण पाळी येणे आणि अंडाशयात स्त्रीबीजांचा पुरेसा साठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या केमोच्या औषधांनी हा साठा घटतो, त्यामुळे आज नियमित येणारी पाळीसुद्धा चाळिशीच्या आत कायमची थांबू शकते.

म्हणून बार्शीला फेरतपासणीला जाशील तेव्हा कोणती औषधे, एकूण किती मात्रेत दिली, ओटीपोटाला शेक (रेडिएशन) दिला होता का, हे एका कागदावर लिहून माग. सोनोग्राफीचा चकचकीत कागद आपल्या उन्हाळ्यात पुसट होतो, तेव्हा फाइलच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव.

एएमएच या रक्ततपासणीतून साठ्याचा अंदाज येतो. केमो संपताच ती केली तर आकडा फार खाली दिसतो आणि पुढे काहीसा सावरूही शकतो. शिवाय आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असे मुळीच नाही. स्थळे पाहताना आजार लपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, पण हा रिपोर्ट कोणी मागितला म्हणून लगेच पुढे करू नकोस. तो कोणाला दाखवायचा हे तू ठरवायचे.

पाळी लांबली किंवा रात्री अंगातून वाफा निघून घाम फुटू लागला, तर थांबू नकोस. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन अकाली घटले की हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अशा मुलींना साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनची औषधे देतात. स्तनाच्या हार्मोनसंवेदनशील कॅन्सरमध्ये मात्र ती सहसा टाळतात, त्यामुळे वॉर्डातल्या मैत्रिणीचा सल्ला तुला लागू पडेलच असे नाही.

हृदयावर परिणाम करू शकणारे डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध घेतले असेल, तर गर्भधारणेपूर्वी हृदयाची टू-डी एको तपासणी करून घ्यावी लागेल. लग्नानंतर मूल नको असेल तोवर, पाळी अनियमित असली तरी, गर्भनिरोधनात ढिलाई नको.

गड्ड्याची यात्रा आटोपली की फाइल घेऊन ये. काही प्रश्न आईसमोर विचारवणार नाहीत; त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला मीच सांगेन.

तुझी,
डॉक्टर मावशी